बिनतारी टॉवरमधली काचेची तार

मुलांनो, जुन्नरच्या एसटी स्टँडवरून घाटघरकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसला आहात का? नसाल तर एकदा बसाच, आणि जमलं तर खिडकीची जागा धरा. गाव संपलं की शिवनेरी हळूहळू मागे पडतो. मग माणिकडोह धरणाचं पाणी झाडांच्या फटींतून दिसायला लागतं. पुढे चावंड किल्ला, नंतर जीवधन आणि त्याच्या शेजारी उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. रस्त्याच्या टोकाला नाणेघाट. कोकणातून देशावर येणारी ही दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट! तिथल्या गुहेत सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. वाटेवर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

हे सगळं बघायला पावसाळ्यात खूप लोक येतात. मी मात्र आज तुम्हाला याच रस्त्यावरची एक वेगळी जागा दाखवणार आहे. तिथे माहितीचा फलक नाही आणि कुणी फोटोही काढत नाही. ती जागा म्हणजे आमच्या शाळेमागच्या माळावरचा मोबाइलचा टॉवर!

“हॅत्! टॉवरमध्ये काय बघायचं?” असं म्हणालात ना? आमच्या वर्गातली मुलंही हेच म्हणाली होती. पण एका पावसाळ्यात असं काही घडलं, की आम्हा सगळ्यांना त्या टॉवरकडे मान वर करून नीट बघावं लागलं.

टॉवरखाली अंधार

2020 साली शाळा बंद होत्या, तेव्हा आमच्याकडे टॉवर नव्हता. मुलं सकाळी गुरं घेऊन डोंगराच्या कडेला जायची. तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की फोनला रेंज यायची. त्या दगडाचं नावच मुलांनी ‘शाळेचा दगड’ ठेवलं होतं. पुढच्या वर्षी माळावर टॉवर उभा राहिला. त्या दिवशी गावात पेढे वाटले, ही गंमत नाही, खरं सांगते.

मग 2023 चा आषाढ आला. पाऊस कोसळत होता, वारा तर उभं राहू देत नव्हता. टॉवरच्या वायव्येला एक वाडी आहे. तिथे एका ताईला रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. घरच्यांनी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. एखादी दांडी यायची, ‘हॅलो’ म्हणेपर्यंत जायची. शेवटी तिचा धाकटा दीर, आमच्या सातवीतला मुलगा, फोन पिशवीत गुंडाळून बॅटरीच्या उजेडात पळत सुटला. दीड किलोमीटर पळत तो शाळेच्या वळणावर आला, तेव्हा कुठे फोन लागला. रुग्णवाहिका वेळेवर आली. ताई सुखरूप, तिची मुलगीही सुखरूप.

पण पुढे आठवडाभर गावात एकच विषय. वाडीतून टॉवर समोर दिसतो, आणि वाडीलाच रेंज नाही? शाळेत आहे, बाजाराच्या रस्त्याला आहे, मग आमच्याच वाट्याला का नाही? कुणी म्हणालं, “मुद्दाम बंद ठेवलंय.” कुणी म्हणालं, “दिव्याखाली अंधार असायचाच.” सरपंचांनी कंपनीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “तुमचा टॉवर चालू आहे.”

तेही खोटं नव्हतं. टॉवर चालूच होता! मग बिघडलं होतं काय?

लाल ठिपक्यांची फोड

भूगोलाच्या तासाला मी मुलांना विचारलं, “रेंज कुठे आहे आणि कुठे नाही, याचा नकाशा काढूया का?” मुलं एका पायावर तयार. एका कार्डशीटवर मधोमध टॉवर काढला, आठ दिशा लिहिल्या. मग चार दिवस मुलांनी घराघरांत जाऊन फोन बघितले. रेंज असेल तिथे हिरवा ठिपका, नसेल किंवा येत-जात असेल तिथे लाल. वेळही लिहायची आणि वारा होता की नव्हता तेही. (वाऱ्याची कल्पना चौथीतल्या एका मुलीची. तिची आजी म्हणाली होती, “वारं सुटलं की फोन मरतोय.”)

पाचव्या दिवशी नकाशा भिंतीवर लावला आणि वर्ग एकदम गप्प झाला. लाल ठिपके कुठेही विखुरलेले नव्हते. सगळेच्या सगळे एकाच बाजूला होते, जणू गोल भाकरीची एक फोड कुणी लाल रंगात बुडवली आहे! कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहिला. फोड जवळपास 120 अंशांची भरली. वर्तुळ 360 अंशांचं. म्हणजे बरोबर एक तृतीयांश!

सरपंचांनी तो नकाशा अर्जाला जोडून पाठवला. या वेळी “रेंज नाही” एवढंच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, “टॉवरच्या वायव्येकडचा एक तृतीयांश भाग, वारा असताना बंद पडतो.” तीन दिवसांनी कंपनीची गाडी आली. गाडीतून उतरलेल्या तंत्रज्ञ दादांनी पहिला प्रश्न विचारला, “हा नकाशा कुणी काढला?”

वरती कान, खाली डोकं

टॉवरच्या कुंपणाबाहेर आम्ही सगळे उभे राहिलो. आत जायची परवानगी नव्हती, आणि ते योग्यच होतं. दादांनी बाहेरूनच एकेक गोष्ट दाखवली. तुम्हीही माझ्याबरोबर बघा.

सगळ्यात वर तीन बाजूंना तीन लांबट पांढऱ्या पट्ट्या दिसतात ना, दाराच्या फळीसारख्या? त्या अँटेना. प्रत्येक पट्टी साधारण 120 अंशांचा भाग सांभाळते. तीन पट्ट्या मिळून पूर्ण गोल. आता कळलं, आमची लाल फोड कुठून आली?

प्रत्येक अँटेनाच्या मागे टिफिनच्या मोठ्या पेटीएवढा एक डबा असतो. त्याच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकायला धातूच्या पातळ पट्ट्या असतात. हा रेडिओ. याचं काम बोलायचं आणि ऐकायचं. तुमच्या फोनकडून आलेल्या लहरी अँटेना पकडते आणि हा डबा त्या ऐकतो. फोनकडे जाणाऱ्या लहरींना हाच डबा जोर देतो.

आता खाली बघा. कुंपणाच्या आत लोखंडी कपाट आहे. त्यात विजेचं साहित्य, बॅटऱ्या आणि एक चपटी पेटी असते. तिला बेसबँड युनिट म्हणतात. कुणाचा फोन कुठला, कुणाला कधी बोलू द्यायचं, आलेल्या लहरींमधून शब्द कसे वेगळे काढायचे, ही सगळी आकडेमोड तिथे चालते. म्हणजे तोंड आणि कान वर, डोकं खाली!

“मग मान कुठंय?” मागून एकाने विचारलं. सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “बरोबर विचारलंस. आज त्या मानेचंच दुखणं आहे.”

त्यांनी बोट दाखवलं. टॉवरच्या एका पायाला धरून काळ्या केबली वर गेल्या होत्या. काही जाड होत्या, त्या रेडिओला वीज पुरवणाऱ्या. त्यांच्या शेजारून करंगळीपेक्षाही बारीक अशा केबली गेल्या होत्या, प्रत्येक रेडिओसाठी एक. त्यांच्या आत तांब्याची तार नव्हती. आत होती काच!

गाडीतून दादांनी जुन्या केबलचा एक तुकडा आणून दाखवला. काळं आवरण सोललं, आतले मजबुतीचे धागे बाजूला केले, तेव्हा केसासारखा एक तंतू निघाला. हाच ऑप्टिकल फायबर. त्या तंतूची जाडी एका मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. आणि त्यातही उजेड जातो तो फक्त मधल्या गाभ्यातून. तो गाभा सुमारे 9 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या सात-आठपट बारीक. एका केबलमध्ये असे दोन तंतू. एकातून बोलणं वर जातं, दुसऱ्यातून खाली येतं.

आमच्या टॉवरवर ढोलकीसारखी एक गोल डिशही आहे. तिच्यातून आमचा टॉवर लांबच्या दुसऱ्या टॉवरशी बोलतो, तोही हवेतूनच. म्हणजे आमच्या फोनचा निरोप वाडीतून टॉवरपर्यंत हवेतून येतो आणि पुढे गावोगाव हवेतून जातो. पण मधे टॉवरच्या अंगात, वरून खाली उतरताना, त्याला काचेच्या तंतूतूनच जावं लागतं. ‘बिनतारी’ म्हणतो आपण, पण तिथे एक तार आहेच!

काचच कशाला?

तुम्ही म्हणाल, एवढ्या चाळीस मीटरसाठी काच कशाला? तांब्याची तार चालली नसती का?

चालत होती की! भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण 31 जुलै 1995 रोजी झालं. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून बोलले आणि दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकलं. त्या काळच्या टॉवरांत रेडिओसुद्धा खालच्या खोलीतच असायचा. तिथून मनगटाएवढ्या नसल्या तरी चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड तांब्याच्या केबलीतून लहरी वर अँटेनाकडे पाठवायच्या. पण उंच टॉवरवर पोचेपर्यंत जवळजवळ निम्मा जोर केबलीतच उष्णता होऊन जायचा. विहिरीतून घागर ओढायची आणि काठावर येईपर्यंत निम्मं पाणी सांडायचं, तसं!

मग इंजिनिअरांनी युक्ती केली. रेडिओच वर नेऊन अँटेनाच्या पाठीशी बसवला, आणि खालच्या डोक्याशी त्याला काचेच्या तंतूने जोडलं. 2003 साली एरिक्सन, हुआवे, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन या तंतूतून काय आणि कसं बोलायचं याचे नियम ठरवले. त्या नियमांना सीपीआरआय म्हणतात.

काचेचे आणखी दोन फायदे आहेत. शेजारच्या विजेच्या केबलीचा गोंगाट तिच्यात शिरत नाही. आणि काचेतून वीज वाहत नाही. आमच्यासारख्या डोंगरावर, जिथे वळवात विजा कडाडतात, तिथे हे किती मोलाचं!

आता एक गणित करा. वरचा रेडिओ ‘हॅलो’ हा शब्द खाली पाठवत नाही. त्याला शब्द कळतच नाहीत. तो हवेतल्या लहरी मोजतो आणि मोजमापाचे आकडे खाली पाठवतो. फोर-जीच्या 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो एका सेकंदात 3 कोटी 7 लाख 20 हजार वेळा मोजतो! प्रत्येक वेळी 15 बिटांचे दोन आकडे, म्हणजे 30 बिट. अँटेनाचे भाग दोन असतील तर 60 बिट. गुणाकार करा: 184 कोटी 32 लाख बिट. त्यात सूचनांसाठी आणि आकडे सुरक्षित पोचावेत म्हणून आणखी काही बिट मिसळतात. एकूण होतात सेकंदाला 245 कोटी 76 लाख बिट!

आणि अशा पट्ट्यातून सगळ्यांच्या फोनवर मिळून जास्तीत जास्त किती माहिती उतरते? सुमारे 15 कोटी बिट. म्हणजे तंतूतून जातं त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढीच. असं का? कुणी म्हटलेलं गाणं तुम्ही पोस्टकार्डावर लिहून पाठवलंत तर चार ओळींत मावतं. पण आवाज, ठेका, मधला खोकला, सगळं जसंच्या तसं पाठवायचं तर रेकॉर्डिंग करावं लागतं. ते कितीतरी मोठं होतं. वरचा रेडिओ लहरींचं असं रेकॉर्डिंगच पाठवत असतो. त्यातून शब्द वेचायचं काम खालच्या डोक्याचं.

हे सगळं झटपटही व्हायला हवं. फोनने पाठवलेला तुकडा नीट मिळाला की नाही, हे फोर-जीच्या टॉवरने 4 मिलिसेकंदांत फोनला कळवायचं असतं. काचेत उजेड सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर पळतो. आमच्या टॉवरच्या माथ्यावरून खाली यायला त्याला सेकंदाचा पन्नास लाखावा भागही पुष्कळ होतो. म्हणून तर जपान, दक्षिण कोरिया, चीन अशा देशांतल्या शहरांत डोकं टॉवरखाली ठेवतही नाहीत. कित्येक टॉवरांची डोकी एकाच इमारतीत, टॉवरपासून काही किलोमीटर लांब ठेवतात. साधारण 20 किलोमीटरपर्यंत हे जमतं. त्यापुढे मात्र उत्तर द्यायला उशीर होऊ लागतो.

फाइव्ह-जीमध्ये एकाच पट्टीत 64 सुद्धा रेडिओ असू शकतात. तितक्यांचं रेकॉर्डिंग खाली पाठवायचं तर तंतूही थकेल! म्हणून आता थोडं डोकं वरच्या डब्यातच बसवतात. त्यासाठी 2017 साली नियमही नवे केले.

अवघडलेली मान

दादांनी कपाट उघडून एका छोट्या यंत्रावर तिन्ही तंतूंतून खाली येणारा उजेड मोजला. दोन ठीक होते. तिसरा, वायव्येच्या रेडिओचा, फारच मंद होता. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि आकडा आणखी घसरला. कपाटातला हिरवा दिवा लाल झाला. चौथीतली ती मुलगी ओरडली, “आजी खरं बोलत होती!”

दादांनी कमरेला पट्टा बांधला, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि दोरीचे आकडे एकेका टप्प्यावर अडकवत ते वर चढले. त्यांचा जोडीदार खाली उभा राहून सतत वर बघत होता. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. वारा पडलेला असतानाच चढायचं, पाऊस असताना मुळीच नाही, हा त्यांचा नियम. त्या दिवशी दोनदा ते अर्ध्यावरून थांबले आणि वारा कमी होईपर्यंत तसेच अडकून राहिले.

वर काय सापडलं माहीत आहे? एक प्लॅस्टिकची पट्टी! किंमत दोन-तीन रुपये. आधी कुणीतरी दुरुस्ती करताना उरलेल्या केबलचं वेटोळं खांबाला या पट्टीने करकचून आवळलं होतं. तिथे केबल काटकोनात मुडपली होती. वारा आला की ती आणखी मुडपायची आणि उजेड बाहेर सांडायचा. म्हणून वाऱ्यात फोन मरायचा. त्यात जोडाच्या टोकावर धूळही बसली होती. गाभाच 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कणसुद्धा त्याच्यापुढे धोंड्यासारखा!

दादांनी पट्टी कापली, केबलला पुरीएवढा मोकळा फेर दिला, टोक खास साधनाने पुसलं आणि पुन्हा बसवलं. खाली दिवा हिरवा झाला. सातवीतल्या आमच्या त्या मुलाने लगेच वाडीत वहिनीला फोन लावला. पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं. एवढा खणखणीत आवाज त्या वाडीतून कित्येक दिवसांत आला नव्हता.

“म्हणजे बाई, टॉवरची मान अवघडली होती,” तो म्हणाला. याहून सोपं मला तरी सांगता आलं नसतं.

बाटलीतला उजेड

मुडपलं की उजेड का सांडतो? हा प्रयोग घरी करा. एक प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्या. बुडापासून चार बोटांवर खिळ्याने एक भोक पाडा (हे काम मोठ्या माणसाकडून करून घ्या). भोकावर बोट धरून बाटली पाण्याने भरा. रात्री मोरीतला दिवा बंद करा. भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत पाण्यात सोडा आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली पडते, आणि उजेडही तिच्याबरोबर वाकतो! धारेखाली तळहात धरा, हातावर उजेड उतरलेला दिसेल.

उजेड खरं तर सरळच जातो. पण पाण्याच्या कडेवर तिरका आदळला की बाहेर न पडता पुन्हा आत फिरतो. पुन्हा पलीकडच्या कडेवर आदळतो, पुन्हा आत. मोठ्या वर्गात तुम्ही याला ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ म्हणाल. स्वित्झर्लंडच्या कोलाडोन यांनी आणि नंतर 1854 साली लंडनमध्ये टिंडल यांनी असेच पाण्याच्या धारेचे प्रयोग लोकांना दाखवले होते. धार फार वाकवली तर मात्र उजेड कडेवर पुरेसा तिरका पडत नाही आणि बाहेर निसटतो. आमच्या टॉवरवर नेमकं हेच झालं होतं.

पाण्याच्या जागी काचेचे तंतू वापरून चित्र पाठवता येतं, हे 1954 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं. कपानी मूळचे पंजाबातल्या मोगा गावचे. पण तेव्हाच्या काचेत उजेड थोड्याच अंतरावर विझायचा. 1966 साली चार्ल्स काओ यांनी सांगितलं, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. काच पुरेशी शुद्ध करा, उजेड कित्येक किलोमीटर जाईल. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. आजच्या तंतूत एक किलोमीटर गेल्यावरही नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड शिल्लक असतो. काओ यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

एक लक्षात ठेवा. टॉवरच्या तंतूतला उजेड अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कुठे तुटलेली केबल दिसली तर तिच्या टोकात डोकावू नका. दिसणार काही नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला

जाताना दादा म्हणाले, “बाई, पोरांना खोडदला नेलंय का? तिथं हीच करामत आहे, पण लई मोठी.”

खोडद आमच्याच तालुक्यात, पण पूर्वेला, नारायणगावच्या पलीकडे. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा आमची सहल गेली. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती 1990 च्या दशकात उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 मोठाल्या जाळीच्या डिश 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या ताऱ्यांकडून आणि दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. त्या लहरी मधल्या इमारतीत कशा येतात? ओळखलंत ना? काचेच्या तंतूतून! मोबाइलच्या टॉवरांत ही पद्धत रुळण्याआधीपासून तिथे कान शेतांत पसरलेले होते, डोकं इमारतीत होतं आणि मधे काचेची मान होती.

तिथे फाटकापाशीच फोन बंद करायला सांगतात. ताऱ्यांचा आवाज इतका क्षीण, की त्यापुढे आपला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ताशा! आमच्या मुलांनी त्या दिवशी बिनतक्रार फोन बंद केले. रेंज हवी तिथे हवी आणि नको तिथे नको, हे त्यांना पटलं होतं.

मुलांचा तो नकाशा अजून वर्गात भिंतीवर आहे. वाडीतली ती छोटी आता दुडुदुडु पळते. मोठी होऊन शाळेत आली की तिला तो नकाशा आम्ही नक्की दाखवू, कारण त्यातला पहिला लाल ठिपका तिच्याच घराचा आहे.

आणि तुम्ही? तुमच्याही गावात, गल्लीत कधी तरी “आपल्याकडेच रेंज नाही” अशी तक्रार ऐकाल. तेव्हा नुसते चिडू नका. कागद घ्या, मधोमध टॉवर काढा, ठिपके मांडा. कुंपणाच्या बाहेर राहूनच सगळं करायचं बरं का, टॉवरवर चढायचं नाही. “रेंज नाही” म्हणणाऱ्याला “टॉवर चालू आहे” हे उत्तर मिळतं. पण कुठे नाही, कधी नाही आणि तेव्हा वारा होता का, हे सांगणाऱ्याच्या दारात गाडी येते. आमच्या वर्गाने हे करून पाहिलं आहे.